राणीच्या गाडीतून रायण्णाच्या ठेसनाला

बेंगळूरचं तिकीट काढलं मी, पण आनंद झाला आज्जीला. तिला बेंगळूरचं काही पडलेलं नव्हतं. उतरायच्या स्टेशनाचं नाव मी वाचून दाखवलं, तेवढ्यानं ती उठून बसली.

"कुणाच्या ठेसनावर म्हणालीस?"

"क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा."

"आमच्या रायण्णाच्या?"

"त्याच्याच की गे आज्जी."

"मग जा. काय भिऊ नको," असं म्हणून ती परत आडवी झाली. जणू गावातलाच कुणी ओळखीचा माणूस तिकडं स्टेशनमास्तर होऊन बसला होता.

आमचं गाव नंदगड, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. कित्तूर संस्थानच्या माणसांनी १८२४ साली थॅकरे नावाच्या कलेक्टरला लढाईत ठार केलं. मग इंग्रज जास्त फौज घेऊन आले आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत पडल्या. १८२९ साली त्या तिथंच वारल्या. त्यांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा मात्र रानात राहून लढत राहिला. त्यानं सरकारी कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. शेवटी आपल्याच माणसांनी त्याला धरून दिलं आणि १८३१ साली त्याला फाशी झाली ती आमच्या नंदगडात. जन्म १५ ऑगस्टचा, फाशी २६ जानेवारीची, असं आमच्याकडं सांगतात. त्यामुळं दोन्ही दिवशी त्याच्यासाठी झेंडा आपोआप लागतो.

त्याच्या समाधीपाशी जो वड आहे, त्याला लाकडी पाळणे बांधलेले असतात. मूल होत नसलं, की लोक नवस बोलतात आणि पाळणा बांधतात. कानडी बोलणारे बांधतात तसे मराठी बोलणारेही बांधतात. फासावर गेलेल्या बिनलग्नाच्या पोरानं दुसऱ्यांना पोरं द्यावीत, यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. माझे अप्पा झाल्यावर आज्जीची दोन मुलं गेली. मग कितीतरी वर्षं काहीच नाही. शेवटी आज्जीनं सुताराकडून वीतभर पाळणा करून घेतला आणि वडाला बांधला. त्यानंतर झाले ते आमचे काका. रायण्णानं दिलेलं पोर म्हणून नावही त्याच्यावरूनच ठेवलेलं. शाळेत घालताना मास्तरांनी दाखल्यावर दुसरंच लिहिलं, ते सोडा.

हे काका बेळगावात उद्यमबागेत लेथवर टर्नरचं काम शिकले आणि १९९४ साली बेंगळूरला पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात एका कारखान्यात लागले. तिकडंच राहिले. काकी हुबळीच्या.

आमच्या घराला बेंगळूर दोनच वाटांनी माहीत होतं. एक काका, दुसरे कागद. शेताची पहाणी, म्हणजे सातबारा, कानडीत, आज्जीच्या पगारीचा कागद कानडीत, सोसायटीची नोटीस कानडीत. मी शिकले मराठी शाळेत, पण कानडी विषय होता आणि मला तो बरा जमायचा. त्यामुळं सातवी-आठवीपासून घरातली कागद वाचणारी मीच. आधी आमच्या, मग शेजारच्या, मग गल्लीतल्या. कागद घेऊन लोक उंबऱ्यात बसायचे आणि मी वाचताना माझ्या तोंडाकडं बघत राहायचे, कारण बातमी चांगली की वाईट ते शब्दांच्या आधी तिथं उमटायचं. वरून आलंय, असं सगळे म्हणायचे. वरून म्हणजे बेंगळूरहून. दिशेनं पाहिलं तर ते आमच्या खाली आहे, पण ते कुणाच्या मनात यायचं नाही. आजोबा होते तोवर सांगायचे, सीमावादावरच्या महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं. तेवढा एकच कागद आमच्या घरी कधी आला नाही.

तर मार्चमध्ये सेमिस्टरची परीक्षा संपली, पुढचे वर्ग सुरू व्हायला दहा दिवस होते, आणि काकांनी फोनवर सांगितलं, पाडव्याला इकडं ये. मी शिकते ते विद्यापीठ राणी चन्नम्मांच्या नावाचं. बेळगावात बस बदलते तो चौक चन्नम्मांचा. गाडीचं नाव तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसच. अप्पा स्टेशनवर सामान घेऊन आले होते: पाच किलो बासमती, काजू, अर्धं पोतं रताळी आणि कुंद्याचे, म्हणजे बेळगावच्या मिठाईचे, दोन डबे. रताळी कशाला, तिकडं मिळत नाहीत काय, असं मी म्हटलं. "मिळतात की," अप्पा म्हणाले, "पण ती आपली न्हवंत."

गाडी निघाली ती आमच्याच तालुक्यातून. खानापूर गेलं, मग लोंढ्याकडचं रान लागलं. खिडकीतून काजूच्या मोहोराचा उग्र गोड वास येत होता. लहानपणापासून ही गाडी मी जाताना बघत आले आहे. आतून आपला तालुका बघायची ही पहिलीच वेळ. तो दोन घटकांत संपला. धारवाड आलं तेव्हा मी झोपले होते.

सकाळी उतरले. नंदगडच्या समाधीपाशी पाखरांचे आवाज येतात. इथं दहा ठिकाणांहून एकदम पुकारे चालू होते, आणि दर पुकाऱ्यात रायण्णाचं नाव. कानडीत, हिंदीत, इंग्रजीत. गावाकडं या नावाबरोबर आपोआप एक वड येतो. इथं त्याच्याबरोबर प्लॅटफॉर्मचा नंबर येत होता.

काका जिन्याच्या तोंडाशी उभे होते. रताळ्याचं पोतं बघून हसले आणि काही न बोलता त्यांनी खांद्यावर घेतलं. बाहेर मेजेस्टिकच्या गर्दीतून चालताना म्हणाले, "मी आलो तेव्हा याला नुसतं बेंगळूर सिटी म्हणायचे. न्यायला येतो म्हणालेला दोस्त आलाच न्हाई. पहिली रात्र ठेसनावरच काढली. रायण्णा तेव्हा इथं यायचा होता."

मेजेस्टिक म्हणजे एका जुन्या थेटराचं नाव. थेटर गेलं आणि नाव राहिलं. समोरचा तो अवाढव्य बस स्टँड ज्या जागेवर आहे, तिथं पूर्वी धर्मांबुधी नावाचं तळं होतं. काकांनी हे सांगितलं तेव्हा मी पायाखाली बघितलं. सांगून कळणारी ही गोष्ट नाही.

काकांचं घर दासरहळ्ळीत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. चुलत बहीण अकरावीला, म्हणजे तिकडच्या भाषेत फर्स्ट पीयूसीला. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर कानडीत देते. मी तिच्याशी मराठीत, ती माझ्याशी कानडीत, काकी मध्ये हुबळीची दोन्ही मिसळून. पहिल्या दिवशी मला ओशाळल्यासारखं झालं, दुसऱ्या दिवशी सवय झाली. तिसऱ्या दिवशी तिनं मला एकदम विचारलं, "अक्का, तू 'मी जातो' का म्हणतेस? आमच्या हिंदीच्या मिस म्हणतात, मुलींनी 'जाती हूँ' म्हणायचं."

हा प्रश्न मला नवीन नव्हता. आमच्याकडं बायका 'मी आलो', 'मी जातो', 'मी जेवलो' असंच बोलतात. लिहिताना मी 'गेले' लिहिते, बोलताना 'गेलो' म्हणते. एकदा पुण्यात मावशीकडं गेले होते, तिथं तिच्या सोसायटीतल्या पोरी चार दिवस मला "काय रे दादा" म्हणत होत्या. मी चार दिवस कमीत कमी बोलले. परत आल्यावर आज्जीला सांगितलं तर तिला विनोदच कळला नाही. "मग काय म्हणायचं?" म्हणाली.

बहिणीला काय सांगावं असा विचार करता करता मला तिच्याच भाषेत उत्तर दिसलं. कानडीत 'नानु होगतेने' हे पोरगाही म्हणतो आणि पोरगीही. मी जातो, मी जाते, दोन्हीला एकच रूप. ती रोज तसंच बोलत होती आणि मला विचारत होती. मी तिला एवढंच म्हटलं, "तू कानडीत म्हणतेस तसंच मी मराठीत म्हणतो." ती जरा थांबली, मग "ओऽ" केलं आणि मोबाइलमध्ये परत शिरली. पुण्यात हे सुचलं असतं तर!

काका दिवसा कामावर, काकी दुपारपर्यंत शिवणकामात, म्हणून फिरणं बहुतेक मी आणि बहीण. दासरहळ्ळीतून मेट्रोची हिरवी लाइन पकडायची आणि मन होईल तिथं उतरायचं. पहिल्यांदा मेट्रोत मी दाराजवळ उभी राहून एकेक स्टेशनाची कानडी अक्षरं वाचत होते. सवयच ती. एवढी कानडी मी एका दमात कधी वाचली नव्हती. शिवाय एकही अक्षर कुणाच्या शेताचं, पगारीचं, थकबाकीचं नव्हतं. नुसती नावं. संपिगे रोड, म्हणजे सोनचाफ्याचा रस्ता. वाचायचं आणि सोडून द्यायचं. कुणी तोंडाकडं बघत नव्हतं.

पुढं चिक्कपेटे. जुनं बेंगळूर सगळं पेट्यांचं आहे. तांदळाची ती अक्कीपेटे, बांगड्यांची बळेपेटे. केंपेगौडांनी १५३७ साली वसवलेलं गाव ते हेच. पुण्याच्या पेठा वारांच्या, इथल्या मालाच्या. चिक्कपेटेत काकींसाठी रेशमी साडीचा भाव करायचं काम माझ्याकडं आलं, कारण बहीण लाजते. मी दुकानदाराला म्हटलं, "स्वल्प कम्मी माडरी." त्यानं मान वर केली आणि विचारलं, "उत्तर कर्नाटका?"

हे पुढं रोज झालं. रिक्षावाला, फुलवाली, लालबागेच्या दारातला शेंगावाला, सगळ्यांनी एका वाक्यात ओळखलं. आमची कानडी धारवाडी वळणाची. तिकडचे 'हौदु' म्हणतात, आम्ही 'हौद्री'. ते 'बन्नि' म्हणतात, आम्ही 'बर्री'. त्या 'री'नं चाडी केली. एका रिक्षावाल्यानं तर आपणही गदगचा म्हणून सांगितलं आणि मीटरपेक्षा दहा रुपये कमी घेतले. बेळगावात मी तोंड उघडलं की मराठी ठरते, पुण्यात तोंड उघडलं की कानडी ठरते. इथं कुणालाच तो प्रश्न पडला नव्हता. उत्तर कर्नाटकातली पोरगी, जरा मोठ्यानं बोलते, झालं. मला राग यायला पाहिजे होता की बरं वाटायला पाहिजे होतं, ते ठरवायला वेळ लागला. दहा रुपये मात्र लगेच बरे वाटले.

मल्लेश्वरमला काकाच घेऊन गेले, रविवारी. तिथं काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे. काडु म्हणजे रान. आता रान म्हणण्यासारखी चार जुनी झाडं उरली आहेत. शहाजीराजांना १६३८ नंतर बेंगळूरची जहागीर मिळाली, पुढं त्यांचे धाकटे चिरंजीव एकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, यांच्याकडं ती आली. या देवाला त्यांनी १६६९ साली मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. मला वाटलं, लेख मोडीत असेल, निदान देवनागरीत. पण तो कानडीत. मी काकांना म्हटलं, भोसल्यांनी कानडीत कसं लिहिलं? काका नारळ फोडत होते. म्हणाले, "ज्यांना वाचायचं हाय त्यांच्या भाषेत लिहिलं असणार. राजा शहाणा होता." मग थोडं थांबून, "आमच्या पहाणीवाल्यांपेक्षा."

दगड काही आम्हाला सापडला नाही. पुजाऱ्याला विचारलं, पण त्याच्यापुढं प्रदोषाची गर्दी होती. त्यानं हातानंच दाखवलं, तिकडं. तिकडं चपलांचा स्टँड होता.

विधानसौध, म्हणजे इथलं विधानभवन, बाहेरूनच बघितला, तेव्हा आत सोडत नव्हते. १९५६ साली पुरा झालेला, सगळा ग्रॅनाइटचा, तेव्हाचे मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांनी हट्टानं बांधलेला. बेळगावचं सुवर्ण विधानसौध २०१२ चं. हिवाळ्यात अधिवेशन भरतं तेवढ्यापुरती तिथं माणसं, एरवी हायवेवरून जाताना ते चुना लावून ठेवलेल्या रिकाम्या वाड्यासारखं दिसतं. इथल्या कपाळावर मात्र कोरलंय, 'सरकारद केलस देवर केलस'. सरकारचं काम ते देवाचं काम. फोटो काढून अप्पांना पाठवला. त्यांचा आवाजी निरोप आला, "तरीच म्हटलं दर्शनाला इतके खेटे का पडतात." समोरच्या तांबड्या हायकोर्टाला लोक अजून अट्टारा कचेरी म्हणतात. पूर्वी तिथं अठरा खाती होती.

लालबागेत ऊन फार होतं. मधला तो उघडा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे, अशी पाटी वाचली आणि त्यावर बसून दोघींनी कलिंगड खाल्लं. झाडांना खाली पान नव्हतं आणि वर नुसता गुलाबी रंग. आमच्याकडचा पळस पेटल्यासारखा फुलतो. इथली ही झाडं लग्नाचा मांडव घातल्यासारखी दिसत होती. परदेशातून आणून लावलेली आहेत म्हणे. एका मॉललाही गेलो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी काकांनी मला पीण्यात बोलावलं, कारखान्याच्या दारात. सुटीची शिट्टी झाली, माणसं बाहेर पडली. काका बाहेर आले ते हातांना तेलाचा वास घेऊनच. "चल, जेवायला जाऊ. तुझी काकी भाताशिवाय काय घालत न्हाई." मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये एक जागा होती. वर हातानं रंगवलेली कानडी पाटी. मी सवयीनं वाचली. जोळद रोट्टी ऊट, म्हणजे ज्वारीच्या भाकरीचं जेवण. आणि खाली मोठ्या अक्षरांत, खानावळि.

खानावळि! मी दोनदा वाचलं. अक्षरं कानडी, शब्द आपला, शेवटी एक वेलांटी जास्त. बहिणीला हा शब्द कुठला ते माहीतही नव्हतं. तिच्या मते खानावळि म्हणजे उत्तर कर्नाटकातलं जेवण मिळतं ती जागा. काका म्हणाले, चौऱ्याण्णव साली पहिला पगार होईपर्यंत अशाच एका खानावळीत उधारीवर जेवलो. मालक विजापूरचा. त्याला मराठी येत नव्हतं, मला कानडी धड येत नव्हतं. वहीत तो माझ्या नावापुढं 'बेळगाव' एवढंच लिहायचा.

आत बाया भाकऱ्या थापत होत्या. तो आवाज बेंगळूरमध्ये सहा दिवसांत पहिल्यांदा ऐकला. भाकरी, एणगाई म्हणजे भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, ताक, कच्चा कांदा. काका एक शब्द बोलले नाहीत. तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग पाटाखाली बघितल्यासारखं करत विचारलं, "आई पाळण्याचं अजून सांगती काय लोकांना?"

"सांगती की. कोण आलं की सांगती."

"मलाच कधी सांगितलं न्हाई तिनं सरळ. दुसऱ्याला सांगताना ऐकलंय." त्यांनी ताकाचा पेला संपवला. "मी बेंगळूरला निघालो तेव्हा रडली न्हाई. नवसाचं पोर हाय, देणाराच बघून घेईल म्हणाली. मला तेव्हा वाटलं, हिला काय वाटतच न्हाई."

त्यांच्या हाताची तेलाची कड कांद्याच्या फोडीला लागली होती. ती त्यांनी पुसली आणि खाल्ली.

पाडव्याला काकांनी गॅलरीत गुढी उभारली. खालच्या घरमालकीण अज्जी उगादीचं बेवु-बेल्ल घेऊन वर आल्या. कडुनिंब आणि गूळ. आम्ही त्यांना आमचा कडुनिंब आणि गूळ दिला. दोन वाट्यांची अदलाबदल झाली आणि त्या गुढीकडं बघून दरवर्षीसारखंच म्हणाल्या म्हणे, यंदा तांब्या नवीन काय?

दुसऱ्या दिवशी रात्री काका पोचवायला आले. डब्यात सामान लावलं, पाण्याची बाटली आणली, उतरले आणि खिडकीशी उभे राहिले. वर स्पीकरवर रायण्णाचं नाव तीन भाषांत चालूच होतं. गाडी हलली तसं त्यांनी हात केला. तो मला की पाटीला, ते नीट दिसलं नाही.

घरी पोचल्यावर आज्जीला सगळं सांगितलं. साडीचा भाव, मेट्रो, एकोजीराजे, दहा रुपये. तिचं लक्ष नव्हतं. काकांच्या तीन भाकऱ्यांचं सांगितलं तेव्हा एकदा "बारीक झालाय काय?" विचारलं. मग म्हणाली, "ठेसन कसं हाय?"

"मोठं हाय गे. दहा प्लॅटफॉर्म. जिने, सरकते जिने. हजारो माणसं."

"त्याचं नाव हाय?"

"सगळीकडं हाय."

"झाड?"

"झाड कुठलं? सगळं सिमेंट आणि पत्रा."

आज्जी बराच वेळ गप्प बसली. हातातली काजूबी तिनं दोन-तीनदा फिरवली.

"मग तिथली लोकं पाळणा कुठं बांधतात?"